राजारामपुरीतली रविवारची बायोइन्फॉर्मेटिक्स बॅच : साडेतीन स्टार, आणि का ते सांगते

दोन-तीन जणांनी मेसेज करून विचारलं की कोल्हापुरात राजारामपुरीत रविवारी ते जीनोमचं (म्हणजे जिवाचा सगळा डीएनए कॉम्प्युटरवर तपासायचं) काहीतरी चालतंय म्हणे, कसं आहे, पोरीला घालू का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव-पत्ता टाकत नाहीये कारण चालवणाऱ्या सरांनीच सांगितलंय की लई लोक आले तर खोली पुरणार नाही, आणि तसंही त्याला नाव असं काही नाहीच, आम्ही सगळे नुसतं 'बॅच' म्हणतो. ज्यांना यायचंय त्यांना राजारामपुरीत विचारलं की बरोबर पोचवतात.

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही ते मोकळे. तुमच्याकडं जेनेटिक्सचा स्वतःचा डेटा आहे किंवा येणाराय, आणि प्रत्येक अडचणीला पुणं गाठणं परवडत नाही, तर डोळे झाकून जा. सर्टिफिकेट पाहिजे असेल तर जाऊ नका, तिथं देत नाहीत, मागितलं तर सर हसतात. पाचपैकी साडेतीन. दीड स्टार कुठं गेला ते पुढं येईलच, त्यातला मोठा वाटा शिकवण्याचा नाहीये.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात बायोटेक शिकवते. आमच्याकडं पीसीआर मशीन आहे, जेल चालवतो, पोरांना बँड दाखवतो, पण सिक्वेन्स (डीएनएतल्या अक्षरांची वाचलेली ओळ) आला की पुढं काय करायचं हे मात्र सिलॅबसमध्ये एका युनिटात उरकलेलं. ब्लास्ट करा (म्हणजे तो कशाशी जुळतो ते शोधा), नात्याचं झाड काढा, जर्नल पूर्ण करा, सही घ्या. एवढ्यावर पीएचडीला गेलेलं पोर तिथं जाऊन रडतंय हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मी स्वतः जायला लागले, पावसाळ्याच्या सुरुवातीपासून जातेय.

जागा म्हणजे एका कोचिंग क्लासचा वरचा हॉल. आठवडाभर तिथं बारावी कॉमर्सची अकाउंट्सची शिकवणी असते, त्यामुळं फळ्यावर डाव्या बाजूला डेबिट-क्रेडिट आणि उजव्या बाजूला फास्टक्यू फाईलच्या (सिक्वेन्सिंग मशीनमधनं येणारी कच्ची फाईल) चार ओळी, असं चालू असतंय. वर्गणी महिन्याला पाचशे, शिकणाऱ्यांना दोनशे, चहा त्यातच, वडा आपापला. त्या पैशातून हॉलचं भाडं आणि इंटरनेट जातं, सर स्वतः काही घेतात असं मला तरी दिसलं नाही.

येतं कोण? हीच तिथली खरी मजा. शिवाजी विद्यापीठातली पीएचडीची पोरं, कृषी महाविद्यालयाची दोघं-तिघं, एका पॅथॉलॉजी लॅबचा टेक्निशियन, जनावरांचे एक डॉक्टर, माझ्यासारखे कॉलेजवाले, आणि उद्यमनगरातला एक इंजिनियर जो दिवसभर सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितो आणि ज्याला जीन म्हणजे काय हे पहिल्या दिवशी नीट माहीत नव्हतं. आज स्क्रिप्ट अडकली की सगळे त्या दादाकडंच पळतात. एक फाईल जोडून दुसरी काढायची, नावं बदलायची, हजार ओळींत एक शब्द शोधायचा, असलं काम तो चहा संपायच्या आत करतो. त्याच्या बदल्यात पीएचडीच्या पोरींनी त्याला एक्झॉन-इन्ट्रॉन, म्हणजे जीनमधले ठेवायचे आणि कापून टाकायचे भाग, समजावलंय, फळ्यावर नाही, वडा खाता खाता.

मागं एका ठिकाणचं, नाव नको, दोन दिवसांचं वर्कशॉप केलं होतं. फी चार आकडी, बॅग मिळाली, पेन मिळालं, फोटो झाले, जेवण एक नंबर. पण सगळ्यांना एकच डेमो फाईल, सगळ्यांनी एकच बटण दाबायचं आणि सगळ्यांचा एकच ग्राफ येणार. घरी येऊन स्वतःची फाईल टाकली की पहिल्याच पायरीला लाल एरर, आणि विचारायचं कोणाला, तो शिकवणारा तर विमानानं परत गेलेला. बॅचमध्ये डेमो फाईल असा प्रकारच नाही. स्वतःचा डेटा आणा, नसेल तर अमेरिकेच्या एनसीबीआय किंवा युरोपच्या ईएनए या सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यांवरून आपल्या विषयाचा कुणीतरी टाकलेला उघडा डेटा उतरवून घ्या, पण तो का निवडला हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगा. इथंच निम्म्यांची बोबडी वळते.

सुरुवातीच्या रविवारांना सॉफ्टवेअर उघडूच देत नाहीत. नुसता तक्ता. प्रत्येक नमुन्याला एक ओळ, नावात स्पेस नाही, मराठी-इंग्रजी मिसळ नाही, आणि पुढं रकाने: कुणी घेतला, कुठल्या गावात, तारीख, वेळ, शरीराचा किंवा झाडाचा कुठला भाग, डीएनए कुठल्या किटनं काढला, कुणी काढला, कुठल्या मशीनवर वाचला. मोठ्या उत्साहानं लॅपटॉप घेऊन आलेले लोक इथं वैतागतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या बॅचमधली सगळ्यात किमती गोष्ट हीच. एका पोराच्या फाईलींची नावं 'म्हैस १', 'म्हैस २', 'म्हैस २ नवीन', 'म्हैस २ नवीन फायनल' अशी होती. आता फायनल म्हणजे तीच म्हैस का दुसरी, हे त्यालाही सांगता येईना.

तक्त्याचं महत्त्व मला पटलं ते उसाच्या एका डेटावरनं. कृषीवाल्या एका पोरानं उसाच्या पानांचा आरएनए (कुठली जीन्स कामाला लागलीत ते यावरनं कळतं) वाचून आणला होता, काही वाफ्यांना पाणी दिलेलं, काहींना मुद्दाम ताण दिलेला, आणि ताणात कुठली जीन्स जागी होतात ते शोधायचं होतं. सरांनी पीसीए काढायला लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हजारो जीन्सचे आकडे दाबून दोन अक्षांवर बसवायचे, म्हणजे कुठले नमुने एकमेकांसारखे ते ठिपक्यांत दिसतंय. ठिपके आले आणि हॉलमध्ये टाळ्याच पडल्या: पाणीवाले सगळे डावीकडं, ताणवाले सगळे उजवीकडं, मध्ये मोकळं रान. एवढं स्वच्छ चित्र पेपरातसुद्धा दिसत नाही. सर टाळ्या थांबेपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, पानं किती वाजता तोडली? पोरानं वही काढली. तक्त्यात वेळेचा रकाना त्यानं रिकामा सोडला होता, पण वहीत होतं: पाणीवाल्या प्लॉटची पानं सकाळी साडेसातला, ताणवाल्याची दुपारी दोननंतर, कारण मधी माणूसच मिळाला नव्हता.

झालं. झाडाला स्वतःचं घड्याळ असतंय, प्रकाशसंश्लेषणाची जीन्स असोत नाहीतर साखरेची, दिवसभरात त्यांचं काम चढतं-उतरतं. मग डावी-उजवी विभागणी पाण्यामुळं झाली का घड्याळामुळं? दोन्ही एकाच वेळी बदललेलं, त्यामुळं आता कुठलंही सॉफ्टवेअर आणा, कितीही भारी गणित लावा, ते दोन सुटे होणार नाहीत. पोराचा चेहरा बघवत नव्हता. पण पुढचं मला लई आवडलं. पुढच्या वेळी सगळ्या वाफ्यांची पानं एका तासाच्या आत तोडायची तर माणसं लागणार, तर बॅचमधनंच चौघं-पाचजण त्याच्याबरोबर शेतात गेले, एक पान तोडणार, एक चिठ्ठी लावणार, एक लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकणार, एक नुसतं घड्याळ बघून लिहिणार. घड्याळवाला तो सीएनसीचा दादा होता. संशोधनाची कम्युनिटी म्हणून भाषणं पुष्कळ ऐकलीत, तिथं चिखलात उभा राहिलेला माणूस मात्र पहिल्यांदा बघितला.

तक्ता झाला की मग गॅलक्सी. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: २००५ पासून चालू असलेली फुकटची सेवा आहे, ब्राउझरमध्ये उघडते, कमांड लिहाव्या लागत नाहीत, गणना त्यांच्या सर्व्हरवर होते, अमेरिकेचा वेगळा, युरोपचा वेगळा, ऑस्ट्रेलियाचा वेगळा. युरोपवाला जर्मनीत फ्रायबुर्गहून चालतो. नोंदणी केली की साधारण २५० जीबी जागा मिळते, आणि ज्याच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे त्याच्यासाठी हे म्हणजे लॉटरीच. मशीननं वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे माणसाच्या जीनोमवर जुळवून बसवायला स्टार नावाचं टूल लागतं, त्याला एकट्याला ३० जीबीच्या आसपास मेमरी पाहिजे, आमच्या कॉलेजच्या अख्ख्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तसं एक मशीन नाही. आणखी एक सोय म्हणजे गॅलक्सीत प्रत्येक पायरी हिस्टरीत साठते, कुठलं टूल, कुठली आवृत्ती, कुठलं सेटिंग, आणि ती हिस्टरी दुसऱ्याला लिंकनं देता येते. जयसिंगपूरच्या मॅडमनी केलेलं काम मी घरी बसून जसंच्या तसं परत चालवून बघितलंय. रांगेत थांबावं लागतं हे खरं, जगभरची पोरं त्याच सर्व्हरवर असतात, म्हणून मोठं काम शनिवारी रात्री लावून झोपायचं आणि रविवारी निकाल घेऊन यायचं अशी इथली पद्धत.

चुका दाखवताना सर थेट फाईलवर बोट ठेवतात, हे मला फार पटतं. एका पोरीचा निकाल सगळा शून्य, एकाही जीनवर एकही तुकडा मोजलेला नाही. ती रडायच्या बेतात. सरांनी दोन फाईली शेजारी-शेजारी उघडल्या: जीनोमच्या फाईलीत पहिल्या क्रोमोसोमचं नाव 'सीएचआर१', जीन्सच्या यादीत नुसतं '१'. कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन वेगळी गावं, मग भेट होणार कशी. तसंच एक्सेलचं. मार्च१ नावाचं जीन होतं, सेप्ट२ होतं, एक्सेलनं त्यांच्या तारखा करून टाकल्या, आणि हे इतक्या लोकांच्या बाबतीत झालं की शेवटी २०२० मध्ये जीन्सची नावं ठरवणाऱ्या समितीनं जीन्सचीच नावं बदलली, एमएआरसीएचएफ१ आणि सेप्टिन२ अशी. एक्सेलपुढं विज्ञानानं हात टेकले म्हणायचे.

आता उसाकडं परत येते, कारण कोल्हापुरात बसून उसाचं जेनेटिक्स टाळून कसं चालेल, आणि मला वाटतं ही बॅच इतर कुठल्याही ऑनलाईन कोर्सपेक्षा सरस ठरते ती इथंच. ऑनलाईन सगळं शिकवतात ते माणसाच्या जीनोमवर. माणसाकडं प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन प्रती, एक आईकडनं एक बापाकडनं, त्यामुळं एखाद्या जागी फरक असला तर निम्मे तुकडे एक अक्षर दाखवतात, निम्मे दुसरं. आजचा ऊस म्हणजे जाड गोड ऊस आणि रानटी काटक ऊस यांच्या संकरातनं आलेला, एकेका जीनच्या दहा-बारा प्रती, क्रोमोसोम शंभरच्या वर, जीनोम साधारण १,००० कोटी अक्षरांचा म्हणजे माणसाच्या तिप्पट. रियुनियन बेटावरची आर५७० नावाची जात नीट वाचून तिचा संदर्भ जीनोम (बाकीचे ज्याच्याशी ताडून बघायचे तो) नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून यायला २०२४ उजाडलं, माणसाचा प्रकल्प २००३ ला पूर्ण जाहीर झाला होता. आता समजा एखादा बदल दहा प्रतींपैकी एकीवरच आहे. मग दहातला एक तुकडा तो दाखवणार, आणि माणसासाठी लिहिलेलं टूल म्हणणार, एवढुसं काय, ही वाचनातली चूक असेल, टाक कचऱ्यात. म्हणजे बहुतेक वेळा जो बदल शोधायला आपण निघालोय तोच टूल फेकून देतंय! त्यात ३० पट वाचन केलं, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीसदा वाचली, असं आपण कौतुकानं सांगतो, पण दहा प्रतींत वाटलं तर एकेकीच्या वाट्याला तीनच. हे सरांनी फळ्यावर डेबिट-क्रेडिटच्या शेजारी आकडे मांडून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचे एक शेतकरी काका म्हणाले, म्हणजे आमच्या ८६०३२ उसाचा हिशोब कारखान्याच्या हिशोबापेक्षा अवघड हाय म्हणा की. हॉल गडगडला.

ते काका नुसते गंमत म्हणून येत नाहीत बरं का. त्यांच्याकडं ८६०३२ पण आहे आणि पाडेगावची २६५ पण, कुठल्या रानात कुठली कधी लावली, खोडवं किती घेतलं, सगळं तोंडपाठ. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतनं आलेली जात इथं कशी रुजली, कुठल्या जमिनीत तिचा उतारा पडतो, ही माहिती कुठल्या डेटाबेसात नाही. कसबा बावड्याच्या ऊस आणि गूळ संशोधन केंद्रात जे वर्षानुवर्षं नोंदलं जातं ते, आणि काकांसारख्या लोकांच्या डोक्यातलं, हे सिक्वेन्सच्या शेजारी आणून ठेवलं तरच त्या अक्षरांना काही अर्थ.

म्हशींचं पण असंच. आपल्याकडं गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला लोक उभे राहतात, त्यातल्या लांब तलवारीसारख्या शिंगांच्या म्हशी म्हणजे पंढरपुरी, कोल्हापूर-सांगली-सोलापूर हाच तिचा पट्टा. जनावरांच्या डॉक्टरांना तिचं वेगळेपण डीएनएत बघायचंय. शेपटीचे केस मुळासकट उपटले तरी डीएनए मिळतो, रक्त काढायची गरज नाही, त्यामुळं नमुने भराभर जमले. सरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? कृत्रिम रेतन कुठलं? कारण एकाच रेड्याच्या रेतनाच्या म्हशी चार गोठ्यांतनं घेतल्या तर ग्राफवर जो सुंदर वेगळा पुंजका दिसेल तो जातीचा नसून एका कुटुंबाचा असेल. डॉक्टरांनी निम्मे नमुने बाजूला काढले. शिवाय म्हशीचा जो संदर्भ जीनोम जगभर वापरला जातो तो इटलीकडच्या भूमध्य समुद्राकाठच्या म्हशीचा, आपल्या मुऱ्हाचाही आता झालाय, पण पंढरपुरी कुठल्यावर बसवायची आणि त्यानं निकाल किती हलतो हे दोन्हीकडं चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. हे काम अजून चालूय, त्यावर जास्त लिहीत नाही.

वनस्पतींवाल्यांचं थोडक्यात: राधानगरी-आंब्याकडच्या झाडांचं बारकोडिंग (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरनं जात ओळखणं) करणारी दोघं आहेत, त्यांचं काम सुरळीत चाललंय, मला त्यातलं फार कळत नाही.

माणसाच्या डेटाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. पॅथॉलॉजीवाला टेक्निशियन एका रविवारी पेनड्राईव्ह घेऊन आला, त्यात थॅलसेमियाच्या पेशंटच्या फाईली, फाईलीच्या नावातच पेशंटचं नाव-आडनाव. सरांनी तो पेनड्राईव्ह लावूच दिला नाही. आवाज न चढवता सांगितलं की या लोकांनी रिपोर्टसाठी रक्त दिलंय, आपल्या शिकण्यासाठी नाही, संमतीपत्र आणि एथिक्स कमिटीची मंजुरी असल्याशिवाय हे इथं उघडायचं नाही, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं घरी जाऊन वाच. आणि कोल्हापुरात तर आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की गल्ली. एवढ्या छोट्या जागेत असला नियम पाळतात म्हणून त्या बॅचबद्दल माझा आदर वाढला.

मग सरावाला काय वापरतात, तर १००० जीनोम प्रकल्पाचा उघडा डेटा. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात २,५०४ माणसं, २६ समूह, आणि त्यात आपल्याकडचे कोण, तर ह्यूस्टनमधले गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली. मराठी समूह एकही नाही. म्हणजे इचलकरंजीच्या पेशंटमधला एखादा बदल दुर्मिळ आहे का आपल्याकडं सर्रास आहे, हे ठरवायला आपण ह्यूस्टनच्या गुजरात्यांना विचारणार. जीनोम इंडियानं १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, त्याचा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे आणि जानेवारी २०२५ पासून संशोधकांना अर्ज करून मागता येतो. तो अर्ज कसा भरायचा यावर एक रविवार ठेवा असं आम्ही मागं लागलोय.

इथलाच एक धडा प्रत्येकानं शिकावा असा. सिकलसेलचा बदल ११ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, एका अक्षराचा. संदर्भ जीनोमच्या ३७ व्या आवृत्तीत त्याचा पत्ता ५२,४८,२३२, आणि ३८ व्या आवृत्तीत ५२,२७,००२. बदल तोच, माणूस तोच, आकडा एकवीस हजारांनी वेगळा. टेक्निशियनच्या लॅबचे जुने रिपोर्ट ३७ वर, नवे ३८ वर, आणि तक्त्यात आवृत्तीचा रकानाच नाही. आता सगळ्यांच्या तक्त्यात तो रकाना आलाय.

बरं, तक्रारी. वेळ नऊची, सुरू होतं पावणेदहाला, कारण निम्मी बॅच मिसळ खाऊन येते. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखे. बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात जावं लागतं, काकू भल्या आहेत पण हे बरोबर नाही, सात महिने सांगतोय तरी ढिम्म. याचा अर्धा स्टार कापला. आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकवायला घेतात आणि तिसऱ्या तासाला सोडून देतात, त्यामुळं डीईसेक्२ (कुठल्या जीनचं काम वाढलं-घटलं ते काढणारं आरमधलं टूल) सगळे चालवतात पण त्यातला आकडा नक्की काय सांगतो हे दोघा-तिघांनाच कळतं. नोट्स सगळ्या व्हॉट्सॲपवर, महिन्याभरापूर्वीचं काही शोधायचं म्हटलं की गुड मॉर्निंगच्या फुलांतनं खोदत जायचं.

आणि पूर्ण एक स्टार कापला तो याच्यासाठी: सगळं एका माणसावर उभं आहे. सरांना मध्ये डेंग्यू झाला तर बॅच बंद, कुणी किल्लीसुद्धा घेतली नाही. डेटा प्रत्येकाच्या आपापल्या पेनड्राईव्हमध्ये, नमुने आपापल्या फ्रीजमध्ये. एका कॉलेजात उणे ऐंशीचा फ्रीझर अर्धा रिकामा, त्याच शहरात दुसऱ्या कॉलेजची पोरगी नमुने मावशीच्या घरच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमच्या वर ठेवते, का, तर दोन विभागप्रमुखांचं बोलणं नाही. मशीन घ्यायला निधी मिळतो, फोटो येतो पेपरात, पण ते चालवणारं पोर दोन वर्षांत पुण्याला जातं आणि मशीनवर प्लास्टिक चढतं.

बाहेर हे लोकांनी कसं सोडवलं हे सरांनीच एकदा सांगितलं होतं. आफ्रिकेत एच३एबायोनेट या बायोइन्फॉर्मेटिक्सच्या जाळ्यानं २०१६ पासून एक कोर्स चालवला, तज्ज्ञाचं लेक्चर सगळ्या देशांत एकच, पण ऐकायचं एकट्यानं घरी नाही, जवळच्या वर्गात जमून, आणि प्रत्येक वर्गात शंका सोडवायला तिथलाच एक शिकवलेला माणूस. म्हणजे एक सर नाहीत, प्रत्येक गावात एक. आपल्याकडं तर सुरुवात फार आधी झालीय, जैवतंत्रज्ञान विभागाचं माहितीचं जाळं १९८६-८७ चं, पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र पण त्याच काळातलं. पण केंद्र पुण्यात आणि नमुने गगनबावड्यात, मधला माणूस कोण? मला विचाराल तर कोल्हापूरला नवी इमारत नको, नवं मशीनसुद्धा लगेच नको. एक चालू यादी पाहिजे: कुणाकडं कुठले नमुने, कुणाच्या फ्रीझरमध्ये जागा, कुणाचं पीसीआर दुपारनंतर रिकामं, कुणाला आर येतं, कुणाला संमतीपत्र लिहिता येतं. सीएनसीवाल्या दादानं अशी एक शीट बनवलीय, आतापर्यंत भरलीय आम्ही मोजक्याच लोकांनी, विभागप्रमुख मंडळी 'बघू' म्हणालीत. ती शीट भरली की मी साडेतीनचे साडेचार करीन, टॉयलेटचा अर्धा राहीलच.

पोरीला घालायचं का विचारणाऱ्या काकांसाठी: बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या आत नको, कंटाळेल. शेवटचं वर्ष किंवा एमएस्सी असेल आणि प्रोजेक्ट हातात असेल तर नक्की घाला, आणि पहिले रविवार नुसता तक्ता भरावा लागतो हे तिला आधीच सांगून ठेवा.

नवीन लोकांना महिन्याच्या पहिल्या रविवारीच घेतात, गणपतीत बंद. लॅपटॉप साधा चालतो, विंडोज असलं तरी चालतं. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या, भिंतीतले सॉकेट ढिले आहेत आणि खिडकीजवळचा तर चालतच नाही.